हलका पाय आणि दुसरा गिअर

भाऊजी,

तुमच्या गाडीच्या हाराचं माप मला तोंडपाठ आहे. पुढचं नाक लांब आणि उतरतं, त्यावर हार टिकत नाही, म्हणून दोन्ही टोकांना सुतळीची एकेक फेरी जास्तीची. दसऱ्याला देवीच्या खालोखाल मोठा हार मी तिच्यासाठी करायची, आणि दरवर्षी तो अर्ध्या रस्त्यात घसरायचा. तुमचं माप मात्र कधी घेतलं नव्हतं. त्या सकाळी अकोल्याहून फोन आला तेव्हा मी माझ्या फुलांच्या दुकानातच होते. शेजारच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, "तुमी बसा, मी करते हार." मी त्यांना बसवलं आणि हार स्वतः केला. निशिगंध तुमच्याच मळ्यातला होता. आदल्या दिवशी तुम्हीच पाठवला होता, ओल्या फडक्यात गुंडाळून, आणि मी फोनवर कुरकुर केली होती की या खेपेला दांड्या आखूड आल्या.

पेपरात चार ओळी छापायच्या म्हणून माहिती मागायला एक जण आला होता. शिक्षण काय, रोपवाटिका कधी काढली, मागं कोण कोण आहे, ते सगळं तुमच्या मुक्तानं सांगितलं.  मला तुमची माहिती द्यायची नाही, तुमच्याशी बोलायचंय, आणि खरं सांगायचं तर भांडायचंय. आपलं एक भांडण अर्धवट सोडून तुम्ही निघून गेलात. दिराला हे शोभत नाही.

तेरवी झाली, पाहुणे पांगले, मांडवाच्या कनाती निघाल्या, आणि तुमची लेक माझ्याशेजारी येऊन बसली. तिची आई, रेखा, गेली तेव्हा मुक्ता एवढीशी होती, माझ्या घरी अमरावतीला वाढली, म्हणून तिचं माझ्याशी बोलणं तुमच्यापेक्षाही सरळ. तिनं सांगितलं, गाडी ती पुण्याला नेणार नाही, तिथं ठेवायला जागा नाही. अकोल्यातलेच एक ओळखीचे गृहस्थ मागताहेत, हौशी आहेत, रविवारी येऊन नेतील. मग म्हणाली, "मोठी आई, तुला हवी असेल तर तू ने. पण तू स्वतः चालवणार असशील तरच. कव्हर घालून उभी करणार असशील तर त्यांनाच देऊ. बाबांची गाडी झाकलेली मला बघवणार नाही."

रविवारपर्यंतची मुदत. आणि मी ती गाडी एकदाही चालवली नव्हती. का चालवली नव्हती, ते तुम्हाला आणि मला दोघांनाच नीट माहीत आहे.

ती आली तो दिवस आठवतो का? परदेशातून कायमचे परत आलेले ते डॉक्टर, येताना आपली गाडी जहाजातून घेऊन आले, आणि वर्षा-दोन वर्षांत त्यांचा गुडघा गेला. क्लच दाबवेना. तुम्ही त्यांच्या बंगल्याची बाग करत होतात. गुलाब लावायला गेलात आणि गाडी ठरवून आलात. लाल, दोन दारांची, जमिनीला टेकलेली. आपल्या दारात थांबवून तुम्ही आतून बाहेर आलात तेव्हा विहिरीतून वर येताय असं वाटलं. तुमचे दादा, म्हणजे आमचे हे, पायरीवर उभे राहून बराच वेळ पाहत होते.

"यात माती कुठं ठेवशीन?" त्यांनी विचारलं.

"माती टेम्पोत, दादा. यात मी."

"अन् कलमं?"

"कलमंयी टेम्पोत. सांगतलं ना, यात मी."

असं म्हणालात खरं, पण महिन्याभरात मागच्या सीटवर मोगऱ्याच्या कुंड्या आल्याच. आयुष्यभर तुम्ही स्वतःसाठी म्हणून घेतलेली ती एकच वस्तू असावी, आणि तीसुद्धा तुम्ही धड स्वतःपुरती ठेवली नाही.

त्याच दिवशी मला फेरी मारायला नेलंत. गल्लीच्या तोंडाशी पहिला गिअर टाकला, गाडी अलगद उचललीत, पाय सोडून गिअरची दांडी खाली ओढलीत, आणि गाडी एकदम दबली. पोट फुगलेल्या म्हशीसारखी कण्हायला लागली. तुम्ही पुन्हा पहिल्यात आलात, पुन्हा ओढलीत, पुन्हा तेच. समोर एक पिवळा दिवा लागत होता, एक आणि चार असे आकडे. मी म्हटलं, "भाऊजी, बिघडेल गाडी गळ्यात मारली वाटते डॉक्टरनं."

डॉक्टरांनी फोनवर हसत हसत समजावून सांगितलं. गाडी बिघडलेली नाही, बनवणाऱ्यांनी तिला तशी अक्कल घालून दिली आहे. इंजिन तापलं, पहिल्यात गाडी जरा पळाली आणि पाय हलका असला की ती मधे एक खीळ घालते. तुम्ही दुसरा मागता, ती दांडी वळवून थेट चौथ्यात नेते. दुसरा आणि तिसरा गाळून टाकते. का, तर पेट्रोल वाचावं म्हणून. जोरात पाय दाबला की ती समजते, गडी घाईत आहे, आणि मग निमूट दुसरा देते.

हे ऐकून तुमचे दादा आयुष्यात हसले नसतील इतके हसले. एवढं मोठं इंजिन, असला दिमाख, आणि काटकसर म्हणे. पण खरी गोची ती नव्हती. खरी गोची तुमच्या पायात होती.

आपल्या घरात कुणालाच पाय दाबता येत नाही. मामंजींनी येऊच दिला नाही. नांदगाव खंडेश्वरच्या मळ्यातून रोपं घेऊन टेम्पो निघाला की ते मागच्या फळीवर हात मारून एकच सांगायचे, "पाय हलका ठेवा, मांगं लेकरं हायेत." लेकरं म्हणजे पिशव्यांतली कलमं. धक्का बसला की मुळाशी माती सुटते, माती सुटली की कलम आठ दिवस तोंड पाडून बसतं. म्हणून या घरात ज्याला गाडी शिकायची त्याची परीक्षा घागरीनं. काठोकाठ पाण्यानं भरलेली घागर टेम्पोत मागं ठेवायची आणि शेताच्या धुऱ्यावरून, पांदणीच्या कच्च्या वाटेनं रस्त्याला लागून परत यायचं. पाणी सांडलं की उद्या पुन्हा. लेक असो, सून असो, सूट नाही.

माझी परीक्षा होती तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तुम्ही कॉलेजात होतात, सुटीवर आला होतात, आणि घागर धरायला मामंजींनी तुम्हाला मागं बसवलं. पांदणीत दोन खड्डे असे लागले की माझी कंबर सीटवरून उचलली गेली. मला वाटलं, गेलं पाणी. मळ्यात परत आलो, मामंजींनी घागरीत वाकून पाहिलं, मान हलवली, आणि सासूबाईंना म्हणाले, "सून पास झाली." मी खाली उतरले तेव्हा तुमची उजवी बाही खांद्यापर्यंत ओली होती. सगळ्या रस्त्यानं तुम्ही घागरीच्या तोंडावर तळहात दाबून बसला होतात.  पुढं मी अमरावतीला दुकान टाकलं, पहाटे मळ्यातून फुलं स्वतः आणायला लागले, रेखा गेल्यावर मुक्ताला शाळेत, दवाखान्यात, क्लासला सगळीकडे मीच नेलं, ते त्या ओल्या बाहीच्या जोरावर. त्याबद्दल तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. म्हणायची गरज आहे असं वाटलंच नाही, तुम्ही समोरच होतात.

तर असा तो घरचा हलका पाय आणि त्याच पायावर खार खाणारी ती गाडी. अकोला ते अमरावती हायवेवर ती सरळ यायची, पण गाव लागलं, गतिरोधक लागला, पुढं कापसाची गाडी लागली, की तुम्ही मायेनं पाय ठेवायचात आणि ती चौथ्यात जाऊन कण्हायची. एकदा तुम्ही माझ्यासाठी गच्चीवर ठेवायला शेवंतीच्या कुंड्या आणत होतात. मूर्तिजापूरच्या आत तिनं असा हिसका दिला की एक कुंडी मागच्या सीटवर आडवी झाली. तीस वर्षांत टेम्पोत जे झालं नाही ते त्या लाल गाडीत झालं. तुम्ही दारात आलात ते तोंड पाडून. मी म्हटलं, "काहून, कुणाशी भांडून आले?" तुम्ही म्हणालात, "हिच्याशीच. दुसऱ्यात किती गोड चालते हो वहिनी ही, पण देतच नाही."

मग मी एक प्लग मागवला. माझ्या बहिणीचा मुलगा परदेशातून सुटीवर येताना घेऊन आला. अंगठ्याएवढा, दोन्हीकडे तोंडं असलेला. खिळीकडे जाणाऱ्या वायरीत तो अडकवला की गाडीला वाटतं खीळ जागेवर आहे, आणि खीळ पडतच नाही. दुसरा हवा तेव्हा दुसरा. दसऱ्याला तुम्ही सोनं द्यायला आलात, आपट्याची पानं माझ्या हातात ठेवून वाकलात, आणि मी आशीर्वादासोबत ती पुडी तुमच्या हातात ठेवली. तुम्ही उघडून पाहिलंत, खूश झालात, लाल दोरा पुन्हा तसाच बांधलात, आणि पुडी गाडीच्या समोरच्या कप्प्यात टाकून दिलीत.

"लावा ना," मी म्हटलं.

"पाहू."

"पाहू काय? कुंड्या पाडून राहिली थे."

"तिचा सभाव हाय थो, वहिनी. आपण समजून घ्याव."

"गाडीनं माणसाले समजून घ्याव का माणसानं गाडीले?"

"जे ज्याले आधी समजन त्यानं."

हे तुमचं नेहमीचं. वाकड्या वाढलेल्या बोराच्या कलमालाही तुम्ही काठी बांधायचा नाहीत, त्याला जिकडे जायचं तिकडे जाऊ द्यायचात. मला ते कधी पटलं नाही. हाराला सुतळी लागते, वेलाला मांडव लागतो, मुलाला धाक लागतो, असं मी म्हणायची, आणि तुम्ही मुक्ताकडे बोट दाखवून म्हणायचात, "हिले तं नाई लागला." 

त्या दिवशी तुम्ही किल्ली माझ्यापुढं धरलीत. "एक डाव तुमी चालवा. जशी हाय तशी. मंग लावतो प्लग."

"पयले प्लग लावा, मंग चालवीन."

"पयले चालवा."

इथं आपलं जे अडलं ते अडलंच. दरवर्षी सोन्याची पानं, पाय पडणं, पुरणपोळी, आणि मग ही किल्ली. तुम्ही पुढं करायचात, मी हात मागं घ्यायची. तुमचे दादा दोघांकडे पाहून आत जाऊन झोपायचे. दोघांतलं कुणी हरलं असतं तर तो दसरा आधीच्यासारखा झाला नसता, असंही आता वाटतं. भांडण टिकवून ठेवण्यात आपण दोघंही हुशार होतो.

चालवली नाही, पण तिच्याकडून दुसरा काढून घेण्याची युक्ती मीच शोधली, हे विसरू नका. दसऱ्याच्या गर्दीत देवळाकडे जाताना गाडी ना धड हळू ना धड जोरात, म्हणजे तिच्या खोडीला एकदम मोकळं रान. मी शेजारी बसलेली, मांडीवर पूजेचं ताट. तुम्ही पहिल्यातून निघायचात आणि बरोबर त्या वेळी मी विचारायची, "भाऊजी, साखर तपासली का?"

"तपासतो ना."

"कधी?"

"तपासतो म्हटलं ना, वहिनी."

"अन् ईसीजी? थो कवा काढनार? का त्यालेयी समजून घेऊन राहिले?"

झालं. तुमच्या मानेची शीर ताठायची, पाय आपोआप दाबला जायचा, गाडी एकदम आवाज करून उठायची, आणि दांडी सुतासारखी सरळ दुसऱ्यात. मी ताट सावरत म्हणायची, "पाहा, पडला का नाही?" आणि तुम्हाला एवढं हसू यायचं की राग कुठच्या कुठं. "तुमी ना, गिअरसाठी इचारता. मले माईत हाय."

मीही हसायची. "मंग कायसाठी इचारीन?" म्हणायची.

गेल्या होळीला तुम्ही आपण होऊन सांगितलंत की तपासणी झाली, सगळं बराबर आहे. मी म्हटलं, बरं झालं, आता दुसरा विषय शोधावा लागेल तुम्हाला चिडवायला. तेवढ्यावर सोडलं.

शनिवारी आम्ही दोघं अकोल्याला आलो, तुमचे दादा आणि मी. बार्शीटाकळीच्या रस्त्यावर तुमच्या रोपवाटिकेची पाटी तशीच आहे. आत झेंडू कळीवर आलाय. दसऱ्याला सापडेल असा तुम्ही लावलेला, वाफे एका ओळीत, आणि ज्या वाफ्याच्या कडेला तुम्ही पाणी देता देता खाली बसलात तिथं कुणीतरी दिवा ठेवला होता. मी तिकडे पाहिलं आणि मान फिरवली. मुक्तानं शेड उघडली. कव्हर काढलं तर मागच्या सीटवर दोन रिकाम्या पिशव्या आणि वाळलेली माती. ती झटकायला गेली, मी नको म्हटलं.

"मोठी आई, प्लग लावून घ्यायचा का? मेकॅनिक येतो म्हणाला. अर्ध्या तासाचं काम आहे."

"नको."

"का गं? तूच तर मागवलेला."

"आमचं ठरलं होतं," मी म्हटलं. पयले चालवा, असं तुम्ही म्हणाला होतात. आता वाद घालायला तुम्ही नाहीत, तर निदान तुमची बाजू तरी ऐकावी.

आत बसले तर पाय क्लचला पोचेनात. तुमची ताडासारखी उंची, सीट पार मागं. खालचा दांडा धरून पुढं ओढायला लागले तेवढ्यात तुमचे दादा म्हणाले, "थांब, नको हालवू." ते घरात गेले आणि तुमच्या पलंगावरची उशी घेऊन आले. माझ्या पाठीशी लावली. मग दुसरी आणली. दोन उशा लावून मी तुमच्या जागेवर बसले, सीट जिथं तुम्ही सोडली होती तिथंच राहिली. ते शेजारी बसले, पट्टा लावला, समोर पाहत राहिले. तेरा दिवसांत ते एकदाही रडले नव्हते.

खिडकीशी वाकून मुक्तानं मला एक गोष्ट सांगितली. तिच्या पोटात ती मावत नव्हती. "बाबा तपासणीला गेलेच नव्हते, मोठी आई. मलाही होळीला तेच म्हणाले होते, झाली म्हणून. डॉक्टरांना विचारलं मी. गेलेच नव्हते."

"सांभाळून राहा," म्हटलं आणि गाडी सुरू केली.

पहिला टाकला, पुढं घेतली, दांडी खाली ओढली आणि ती शहाण्यासारखी दुसऱ्यात गेली. मला वाटलं, तुम्ही प्लग गुपचूप लावला होतात. तुमच्या दादांना कप्पा उघडायला लावला तर पुडी तिथंच, मी बांधली होती तशी, लाल दोरा सुद्धा. मग लक्षात आलं की इंजिन गार आहे. माझ्या दारात ती नेहमी अकोल्याहून तापूनच यायची, म्हणून सकाळची तिची ही माया मला कधी दिसली नव्हती. तुम्हाला रोज दिसत असणार. म्हणून तुम्ही तिची बाजू घेत होतात.

अकोल्याच्या बाहेर पडेपर्यंत ती तापली आणि खोडी सुरू झाली. पहिल्या चौकात पिवळा दिवा, एक आणि चार, दांडी माझ्या हातातून निसटल्यासारखी वळली आणि चौथ्यात. मी घाबरून क्लच सोडला, गाडी थरथरत पुढं गेली. मूर्तिजापूरला गतिरोधकानंतर बंदच पडली. मागून ट्रकवाल्यानं डोकं बाहेर काढून विचारलं, "काकू, गाडी तुमचीच हाय ना?" मी पुन्हा किल्ली फिरवली.

"पाय हलका ठेव," तुमचे दादा म्हणाले. अगदी मामंजींच्या आवाजात.

"हलका हाय म्हणूनच तं होऊन राहिलं हे," मी म्हटलं. 

पाय दाबायचा, हे मला माहीत होतं. हजारदा तुमच्या शेजारी बसून पाहिलं होतं. पण पाय ऐकेना. दाबायला गेले की मागं काहीतरी सांडेल असं वाटायचं, आणि मागं तर दोन रिकाम्या पिशव्या होत्या. घागर नव्हती, आणि घागरीवर हात धरून बसणारं कुणी नव्हतं. तेवढ्या रस्त्यात तुमची जितकी आठवण आली तितकी तेरा दिवसांत आली नाही. तिथं रडायला माणसं होती, चहा करायचा होता, पंगती वाढायच्या होत्या. इथं नुसता रस्ता, दोन्हीकडे हिरवं सोयाबीन, आणि उशीला तुमच्या तेलाचा वास.

बडनेरा आलं. गर्दी, सिग्नल, दसऱ्याला असते तशीच ना धड हळू ना धड जोरात अशी रहदारी. सिग्नल सुटला. पहिल्यातून निघाले आणि सवयीनं, खरंच सवयीनं, माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "भाऊजी, तपासणी केली का?"

गाडीत कुणी उत्तर दिलं नाही. आणि मग तुमचं होळीचं उत्तर आठवलं. केली ना वहिनी, सगळं बराबर हाय. माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाला होतात. माझ्यादेखत असलं खोटं तुम्ही त्याआधी एकदाच वागलात, मामंजींपुढं ओली बाही पाठीमागं लपवून. तेव्हा मला वाचवायला. या वेळी कुणाला वाचवायला? मला असा राग आला, भाऊजी, की सांगता येत नाही. मुक्तासाठी आला, या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यासाठी आला, कळीवर आलेल्या झेंडूसाठी आला. डोळ्यांपुढचा रस्ता धूसर झाला. दिवा लागला, एक आणि चार. आणि शेजारून तुमचे दादा, ज्यांनी चाळीस वर्षं मला हलक्या पायाशिवाय दुसरं काही सांगितलं नाही, ते समोर पाहतच म्हणाले, "दाब."

मी दाबला. मामंजींना, घागरीला, सगळ्या कलमांना बाजूला ठेवून दाबला. ती गाडी असा आवाज करून उठली की पुढचा स्कूटरवाला दचकून कडेला झाला. दांडी खाली ओढली. दुसरा.

खरंच गोड चालते हो ती दुसऱ्यात. तुम्ही सांगत होतात तशीच. पुढचा सगळा रस्ता मी तिला दुसऱ्यातून हलू दिलं नाही, पार घराच्या गल्लीपर्यंत, मागून कोण हॉर्न वाजवतंय ते पाहिलं नाही. तुमचे दादा खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मी पाहिलं न पाहिलंसं केलं. गाडी दारात लावली तेव्हा ते उतरेनात. म्हणाले, "एक चक्कर अजून मार." मारली.

मुक्ताला फोन केला, त्या गृहस्थांना नाही म्हणून सांग. ती रडली आणि मग तिनं विचारलं, "चौथ्यात गेली का गं?" मी म्हटलं, गेली, लय डाव गेली.

दसरा जवळ आला आहे. तुमचाच झेंडू येईल, त्याचाच हार करीन, दोन्ही टोकांना सुतळीची फेरी जास्तीची, आणि तो अर्ध्या रस्त्यात घसरेल. सोनं द्यायला दारात कुणी येणार नाही, म्हणून पानं घेऊन मीच गाडीपाशी जाईन. प्लग कप्प्यात आहे आणि कप्प्यातच राहील. पयले चालवा म्हणालात, चालवली. मंग लावतो म्हणालात, ते राहिलं, पण आता मलाच नको. तुम्ही जिंकलात असं समजा.

फक्त एका बाबतीत तुम्ही चुकलात, आणि ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं, कारण तुम्ही हसत होतात आणि तुम्हाला हसताना पाहायला मला आवडायचं. मी गिअरसाठी विचारत नव्हते, भाऊजी.